परदेशाची रंगीत तालीम

चकल्यांचा डबा सॅकमध्ये बसत नव्हता, म्हणून मी बायकोच्या औषधांची पिशवी बाहेर काढून फ्रिजवर ठेवली. दोन मिनिटांसाठी. मग डबा आडवा घालून पाहिला, उभा घालून पाहिला, शेवटी टॉवेल काढला आणि त्याच्या जागी डबा दाबून बसवला. मोठा गड सर केल्यासारखं हुश्श केलं आणि चहा मागितला. पिशवी फ्रिजवरच राहिली.

सॅक मुलीनं आणल्या होत्या. एक माझ्यासाठी, एक तिच्या आईसाठी. ती नोकरीला लागल्यापासून आम्हाला परदेश दाखवायचं तिच्या डोक्यात होतं, आणि तोही तिच्या पद्धतीनं. झेंडा धरून पुढे चालणारा टूरवाला नको, चाकांची बॅग नको. पाठीवर सॅक टाकायची, मिळेल त्या बसनं फिरायचं. श्रीलंका ठरली होती. बारा दिवस, आणि रोज एकदोन बुद्धमंदिरं. मी शहापुरात कारकुनी करतो, खर्डीजवळ थोडी भातशेती आहे, आणि पाठीवर आजवर वाहिलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे लहानपणीची ही मुलगीच. म्हणून तिनं अट घातली. "आधी एक दिवसाची रंगीत तालीम. दोघांनी सॅक घेऊन एसटीनं जायचं, डोंगर चढायचा, लेणी बघायची आणि परत यायचं. जमलं तर तिकडे."

लेणी मुरबाड तालुक्यातली. म्हसा गावाच्या पलीकडे, सह्याद्रीच्या भिंतीखाली. बौद्ध भिक्षूंनी कधीकाळी कोरलेली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खालच्या पाड्यावर माझं नाव अजून निघत असेल.

आता पिशवीबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी खळ्यावर भात झोडताना बायकोच्या मनगटाला एक मधमाशी चावली. एकच. तिनं हळद लावली आणि कामाला लागली. दहा मिनिटांत ओठ सुजले, आवाज बसला, आणि ती पेंढ्यावर खाली बसली ती उठेचना. शेजाऱ्याच्या गाडीतून शहापूरला नेईपर्यंत तिचे डोळे मिटत होते. ती वाचली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी इतका वेळ मिळणार नाही. औषध माणसाबरोबर पाहिजे. घरात नाही, माणसाबरोबर." त्यांनी इंजेक्शनची कुपी, सुई, गोळ्या असं सगळं लिहून दिलं, मुलीला सुई कशी टोचायची ते शिकवलं. तेव्हापासून ती निळी पिशवी बायकोबरोबर असायची. तरी ती त्यानंतर खळ्यावर आली नाही. वालाच्या शेतात फुलं आली की त्या बाजूनं जायची नाही. बोलायची काही नाही, पण घराच्या मागच्या दारानं बाहेर पडणंच तिनं सोडलं होतं.

म्हणून ती परदेशाला हो म्हणाली तेव्हा मुलगी आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

डिसेंबरचे दिवस होते, भात घरात आलं होतं. पहाटे तिघं निघालो. मुरबाडला एसटी बदलली, म्हशाला उतरलो, आणि रिक्षा ठरेपर्यंत टपरीवर चहा सांगितला. बायको खुशीत होती. सॅक पाठीवरून उतरवायलाच तयार नव्हती. "हलकी हाय गो," मुलीला म्हणत होती, "मी तर आजून दोन पायली तांदूळ घातले असते."

मुलीनं मला विचारलं, "पप्पा, आईची पिशवी वरच्याच कप्प्यात आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

हे म्हणताना माझा हात त्याच कप्प्यात होता. हाताला चकल्यांचा डबा लागला. डब्याखाली काही नव्हतं. मी कडेनं बोटं फिरवली. पाण्याची बाटली पाझरत होती, उदबत्तीचा पुडा भिजला होता, कापराची डबी होती, नारळ होता. आणि मला फ्रिज दिसला, फ्रिजवरचा क्रोशाचा रुमाल दिसला, आणि रुमालावर ती निळी पिशवी.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम. पण "हो" तोंडातून निघून गेला होता, आणि तो परत कसा घ्यायचा याचा विचार करता करता मी टपरीवाल्याला म्हणालो, "तीन प्लेट भजी दे रे." कारकुनाची सवय आहे ही. चूक सापडली की आधी दुसरीच फाईल काढायची.

रिक्षात मी मनाशी हिशेब मांडत होतो. लेणी म्हणजे दगड. दगडात फुलं नाहीत, फुलं नाहीत तर माश्या कशाला येतील? चार वाजता रिक्षावाला परत न्यायला येणार. मधले पाच तास. पाच तास काय, बायको दोन वर्षं बिनचावता राहिली होती. असं करत करत मी स्वतःला जवळजवळ पटवलं. मोबाइलची रेंज गेली तेव्हा मी फोन दोनदा बंद करून चालू केला, पण मुलगी उलट खूश झाली. म्हणाली, "तिकडे पण असंच असतं."

पाडा डोंगराच्या पायथ्याशी होता. पाच-सात घरं. एक म्हातारी अंगणात वालाच्या शेंगा वाळत घालत होती. तिनं आमच्या सॅककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गडदीला चाललाव?" इकडे लेण्याला गडद म्हणतात.

"हो आजी. वाट सोपी आहे ना?"

"वाट हाय सोपी. पन गप जा नि गप या. वर आग्या बसलाय. मोप बसलाय यंदा."

"आग्या म्हणजे?" मुलीनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. मला होतं.

"माशी गो. मोठी माशी. मोहोळं लटकल्यात कड्याला. तिला काय केलं नाय तर ती बी काय करत नाय."

मुलगी थांबली. सॅकचा पट्टा सैल करत म्हणाली, "आई, राहू दे. आपण खालूनच बघू."

बायको कड्याकडे बघत होती. खालून काही दिसत नव्हतं, नुसता उन्हातला काळा दगड. मला तिचा चेहरा ओळखता येतो. दोन वर्षं मागच्या दाराशी येऊन परत वळताना तो असाच व्हायचा. मी मनातल्या मनात म्हणत होतो, वळ, आजच्या दिवस वळ. ती वळली, पण माझ्याकडे.

"पिशवी हाय ना तुमच्याकडं?"

मी मान हलवली. हो अशी.

"मग चला. तिकडं काय प्रत्येक देवळाच्या खालून परत फिरणार हाय का मी? किती दिवस भ्यायचं?"

आणि ती पुढे चालू लागली. सगळ्यात पुढे.

चढाला तासभर लागला. एरवी मी चढताना इतकं बोलतो की घरचे मला मागे ठेवतात. त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता. मुलगी म्हणाली, "पप्पांना दम लागला वाटतं." बायको म्हणाली, "सॅक भारी झाली असंल. चकल्या कमी खा म्हणावं." दोघी हसल्या. मीही हसलो. 

मग आवाज यायला लागला. आधी वाटलं खाली कुठेतरी भाताची गिरणी चालू आहे. पण तो खालून नव्हता. वाट कड्याला वळसा घालून वर आली आणि समोर गडदीचं तोंड दिसलं, चार खांबांचा ओसरा, आणि ओसऱ्याच्या वर, पुढे झुकलेल्या दगडाला लटकलेली मोहोळं. मी मोजली, सात होती. एकेक सुपाएवढं, काळं. काळं काय, जिवंत. मधूनच त्यांच्यावरून एक लाट जायची, वाऱ्यानं भाताचं शेत हलावं तशी, पण वारा नव्हता.

मी खुणेनंच दोघींना चपला हातात घ्यायला लावल्या. बायकोनं पदर डोक्यावरून घेऊन तोंडाभोवती गुंडाळला आणि त्या मोहोळांच्या खालून, हळूहळू, एकेक पाऊल टाकत आत गेली. मागून मुलगी. मागून मी. 

आत गार होतं. मोठं चौकोनी दालन, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, दारं कमरेएवढी बुटकी, आत झोपायला दगडी ओटे. समोरच्या भिंतीवर मांडी घालून बसलेला बुद्ध, झिजून झिजून नाकडोळे गेलेला. गावकऱ्यांनी त्याला शेंदूर लावला होता आणि पुढे नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. बायको त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती रडतेय, आणि दुःखानं नाही. दोन वर्षांत ती पहिल्यांदा घरापासून इतकी लांब, मोहोळांच्या खालून चालत आली होती. माझ्या भरवशावर.

मला ते बघवेना. आणि आमच्याकडे माणसाला काही बघवेनासं झालं की तो देवाला काहीतरी करतो. आमच्या घरात देवासमोर रिकाम्या हातानं उभं राहायची रीत नाही. बुद्ध असो, म्हसोबा असो, नारळ-उदबत्ती झालीच पाहिजे. मी सॅक उतरवली, उदबत्त्या काढल्या. भिजलेल्या. काडी लावली, लागेना. मग मी आमची घरची युक्ती केली. नारळाच्या शेंड्या सोलल्या, बुद्धापुढे त्यांचा गोळा ठेवला, वर सगळी डबी कापूर ओतला आणि पेटवला. वरून भिजल्या उदबत्त्यांचा पुडा. डोळे मिटून म्हणालो, आजचा दिवस निभावून ने, परत कधी खोटं बोलणार नाही.

म्हातारीनं गप जा म्हटलं होतं, म्हणून मोहोळं दिसल्यापासून मी दोघींना बोलू दिलं नव्हतं, चपला हातात घ्यायला लावल्या होत्या. धुराचा विचार माझ्या मनात आलाच नाही. धूर चुलीचा असतो, पाचटाचा असतो. देवापुढच्याला आम्ही धूर म्हणत नाही.

डोळे उघडले तेव्हा धूर छताला पोचला होता. पांढरा, दाट. छताला धरून तो ओसऱ्याकडे सरकत होता आणि बाहेर पडल्यावर वर वळत होता. मुलगी ते बघत होती. तिला आधी कळलं.

"पप्पा, विझवा. पप्पा!"

मी चपलेनं शेंड्यांवर मारलं. ज्वाळ गेली आणि धूर दुप्पट झाला.

बाहेरचा आवाज थांबला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. एक श्वास असेल. मग तो परत आला तो वेगळाच, वरच्या पट्टीत, आणि ओसऱ्यातला उजेड कमी झाला.

मुलीनं आईला ढकलतच डावीकडच्या खोलीत नेलं. मी मागून वाकून शिरायला गेलो आणि अडकलो. सॅक मी पुन्हा पाठीवर चढवली होती. का, ते विचारू नका, चकल्यांच्या डब्यासाठी जीव धोक्यात घालणारा मी एकटाच असेन. डोकं आत, पाठ बाहेर, डबा दगडावर खणखण वाजतोय. मानेवर निखारा ठेवल्यासारखं झालं, मग कानावर, मग भुवईवर. मुलीनं मला पट्ट्याला धरून आत ओढलं. बायकोनं आपल्या सॅकमधली चादर काढली आणि दोघींनी ती दारावर ताणून धरली, खालची कड पायाखाली, वरची हातांनी दगडाला दाबून. चादरीवर बाहेरून काहीतरी आपटायला लागलं. गारा पडाव्या तसं.

मुलगी दम खात म्हणाली, "पप्पा, पिशवी द्या. आईला आत्ताच गोळी देऊ. इंजेक्शन हाताशी ठेवते."

मी चादरीची एक कड धरली होती. तिच्याकडे न बघता म्हणालो, "फ्रिजवर आहे."

"काय?"

"पिशवी. घरी, फ्रिजवर राहिली."

 मग मुलीनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि खरं सांगतो, मनात आलं होतं. "म्हशाला. चहाच्या वेळी."

मुलीनं तोंड फिरवलं.  बायको चादर दोन्ही हातांनी दाबून उभी होती, वाकून, आणि समोरच्या दगडाकडे बघत होती.

तेवढ्यात मला दिसली. एक माशी आत होती. माझ्याबरोबरच आली असणार. ती बायकोच्या बाहीवर बसली होती, खांद्याच्या जरा खाली, आणि वर चालत होती. मुलीनंही बघितलं. तिचा हात उठला आणि मी डोळ्यांनीच तिला थांबवलं. हात सोडला तर चादर सुटणार, आणि माशी चिरडली तर तिच्या वासानं बाकीच्या चवताळतात, एवढं खेड्यात वाढलेल्या माणसाला माहीत असतं. नको तेव्हा माझ्याकडे सगळी माहिती हजर असते.

माशी ब्लाउजच्या कडेपाशी आली. तिथे कापड संपतं आणि मान सुरू होते. ती थांबली. बायकोला ती जाणवत होती. तिच्या मानेची शीर उडत होती, पण बाकी अंग दगडाचं झालं होतं. श्वाससुद्धा ती नाकानं, मोजून घेत होती. पाड्यापासून वर चढायला लागलेला एक तास, खाली उतरायला तेवढाच, आणि चार वाजता येणारी रिक्षा, असं सगळं माझ्या डोक्यात गरगरत होतं. दहा मिनिटं. खळ्यावर दहा मिनिटं लागली होती.

मग चादरीच्या फटीतून उजेडाची एक चीर आत आली आणि माशी उडाली. उजेडाकडे गेली, चादरीवर चढली आणि वरच्या कोपऱ्यात बसून राहिली. मुलीनं हळूच तो कोपरा बाहेर झटकला.

त्यानंतर आम्ही किती वेळ तसे होतो? मुलगी म्हणते साडेतीन तास. बोलणं नाही, हालचाल नाही, पाणी नाही. माझा डावा डोळा बंद झाला, कान वांग्याएवढा झाला. भिक्षू त्या खोलीत वर्षानुवर्षं काय करत असतील असं मला नेहमी वाटायचं. मला वाटतं त्यांच्याजवळ बसलेली माणसं त्यांच्यावर इतकी रागावलेली नसावीत.

ऊन कलल्यावर बाहेरचा आवाज पुन्हा गिरणीसारखा झाला. मग खालून हाक आली. पाड्यावरची म्हातारी आणि तिचा नवरा धूर बघून वर आले होते आणि माश्या बसेपर्यंत वाटेवर थांबले होते.

"हायेत का जित्ते?" म्हातारीनं विचारलं.

"आहोत," मुलगी म्हणाली.

"आता या. वाकून या. पळू नका. ती पाठीवरची गाठोडी ऱ्हाऊ द्या."

म्हाताऱ्यानं आपलं घोंगडं बायकोच्या डोक्यावरून पार पायापर्यंत टाकलं आणि तिला हाताला धरून मोहोळांच्या खालून बाहेर काढलं. ते काम माझं होतं. खाली उतरताना म्हातारी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "दादा, गप जा म्हनलं व्हतं ना? मंग धूर कशाला केलास?"

"देवाला लावलं, आजी."

"देवाला?" ती थांबली. "त्यो बसलाय तिथं कवापासून. त्यानं मागितला व्हता का?"

रिक्षावाला थांबला होता. मुरबाडला दवाखान्यात माझ्या अंगातून अकरा काटे काढले. बायकोला एकही नाही. नर्सनं तिला दोनदा तपासलं, मुलीनं तिसऱ्यांदा. घरी येईपर्यंत बायको मुलीशी बोलत होती, नर्सशी बोलली, रिक्षावाल्याकडे त्याच्या मुलांची चौकशी केली. माझ्या कानाला कोरफड लावली. पण मला उद्देशून एक शब्द नाही.

दोन दिवस असेच गेले. मी दरवेळी माफीची सुरुवात करायचो आणि ती भांडं घासायला उठायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कामाला निघाली. दारात थांबून तिनं विचारलं, "आई, तिकिटं काढायची की राहू दे?"

"काढ ना," बायको म्हणाली. "राहू दे कशाला? मी गेले होते ना त्या मोहोळाच्या खालनं."

मुलगी गेली. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो, एका डोळ्यानं वाचत. बायकोनं चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"माशीचं मला एवढं भ्या नाय वाटलं हो. इसरलात, ते पण समजलं, माणूस इसरतो. पण म्हशापासून वरपर्यंत तुमी गप चाललात. चोवीस वर्सं मी तुमची बडबड ऐकतेय, तुमाला येवढं गप राहता येतं, ते मला ठावच नव्हतं."